केळीचे आयुष्य बागेतच ठरते

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा आणि त्याला लागून असलेला अर्धापूरचा पट्टा केळीसाठी ओळखला जातो. पैनगंगेवरील ईसापूर धरणाने मराठवाड्याच्या या कोपऱ्यात बागायतीला आधार दिला. पुढे ऊतिसंवर्धित रोपे व ठिबक सिंचन यांनी घडांचे वजन वाढविले. उत्पादनाचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. तोडलेला माल दूरच्या बाजारपेठेत शाबूत पोहोचावा कसा, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

त्यावर शीतगृहाची मागणी पुढे येते. ती रास्त आहे, पण अपुरी आहे. कच्ची केळी १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवल्यास पिकण्याची क्रिया मंदावते. त्याहून अधिक थंडीत साल काळवंडते. म्हणजे शीतगृह फळाचे आयुष्य लांबविते, पण मुळात सदोष असलेले फळ निर्दोष करू शकत नाही. खरचटलेल्या फळातून इथिलीन वायू अधिक सुटतो आणि त्यापायी पेटीतील इतर फळेही वेळेआधी पिकू लागतात. तेव्हा टिकाऊपणाचा पाया काढणीपूर्वीच घातला पाहिजे.

त्याची कृती अवघड नाही. घड पूर्ण निसवल्यावर केळफूल काढावे. शेवटच्या अपुऱ्या फण्या कमी करून उरलेल्यांना पोषण मिळू द्यावे. घडावर अर्धा टक्का पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट व एक टक्का युरियाचे द्रावण फवारावे. नंतर त्यावर सच्छिद्र पिशवी चढवावी. पिशवीमुळे फुलकिडे, धूळ, पानांचे घर्षण व थंड वारा यांपासून सालीचे रक्षण होते. झाड कोलमडू नये म्हणून आधार द्यावा आणि बाजार जितका दूर, तितकी काढणी पक्वतेच्या थोडी अलीकडे करावी. मात्र भाव चढला म्हणून कोवळा घड कापणे वेगळे; असे फळ नीट भरत नाही आणि त्याची चवही उतरत नाही.

हे शेतकऱ्याला ठाऊक नाही असे नाही. अडचण हिशेबाची आहे. व्यापारी बागेत येऊन क्विंटलमागे भाव ठरवितो. पिशवीतला डागरहित घड आणि उघडा, ओरखडलेला घड एकाच भावाने जात असतील, तर पिशवी, फवारणी व मजुरी यांचा खर्च कोणी का सोसावा? फण्या कमी केल्याने वजन घटते, ते निराळेच. गुणवत्तेचा खर्च एकाने करावयाचा आणि नफा दुसऱ्याने घ्यावयाचा, अशा व्यवहारात गुणवत्ता वाढत नसते. जगातील सुमारे चतुर्थांश केळी पिकविणाऱ्या भारताचा निर्यातीतील वाटा अत्यल्प आहे, याचे एक कारण येथे सापडेल.

म्हणून पहिली सुधारणा खरेदीत हवी. प्रतवारीनुसार भाव जाहीर झाले पाहिजेत. त्यासाठी बाजार समित्या व शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी उत्पादक पट्ट्यातच धुण्याची, प्रतवारीची व पूर्वशीतकरणाची केंद्रे चालविली पाहिजेत. पिशव्यांसाठी अनुदान द्यावयाचे, तर ते लागणीच्या वेळी नव्हे, घड निसवण्याच्या सुमारास हाती पडले पाहिजे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशी पुस्तिकेत पुष्कळ आहेत. काट्यावर त्यांना किंमत मिळाली, तरच त्या बागेत उतरतील. तोवर डोंगरकड्याच्या शेतकऱ्याने वजनामागे धावावे, यात दोष त्याचा नाही.