शब्दांची पेठ ओस पडू नये

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रात आनंदीआनंद झाला. तो रास्तच होता. परंतु भाषेचे अभिजातपण जुन्या शिलालेखांनी व ग्रंथांनी सिद्ध होत असले, तरी तिचे जिवंतपण सिद्ध होते ते घराघरांत आणि पुस्तकांच्या दुकानांत. या कसोटीवर आजचे चित्र समाधान देणारे नाही.

पुण्याच्या कॅम्पातील ‘मॅनीज’ २०१२ मध्ये बंद झाले, मुंबईच्या फोर्टमधील ‘स्ट्रँड’ २०१८ मध्ये. ही मुख्यतः इंग्रजी पुस्तकांची दुकाने. जिच्यामागे सारे जग धावते, त्या भाषेच्या दुकानांची ही गत. मग वह्या-पाठ्यपुस्तके विकून एका फळीवर चरित्रे-कादंबऱ्या मांडणाऱ्या तालुक्याच्या विक्रेत्याने कोणाच्या भरवशावर तग धरावा? पुण्याचा अप्पा बळवंत चौक आजही गजबजलेला असतो. पण त्या गर्दीत परीक्षेसाठी आलेले किती आणि वाचनासाठी आलेले किती, हे ज्याने त्याने पाहावे.

पुस्तके आता घरपोच मिळतात, मग दुकान हवे कशाला, असा प्रश्न केला जातो. घरपोच येते ते मागितलेले पुस्तक. न मागितलेले पुस्तक हाती पडते ते दुकानातच. गावच्या देवस्थानाचे माहात्म्य, जवळच्या किल्ल्याचा इतिहास, मालवणी वा अहिराणीतील कथा, स्थानिक लेखकाने पदरमोड करून छापलेला संग्रह यांची जाहिरात कोण करणार? जाणता विक्रेताच ते पुस्तक गिऱ्हाइकापुढे ठेवतो.

पुस्तकांबरोबर शब्दही जातात. मोट गेली तशी नाडा आणि सौंदरही गेले. तिफण, कुळव, पाभर हे शब्द शेतकऱ्याच्या नातवालाही परके होऊ लागले. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झाले. अशा कोशांत हे शब्द सुरक्षित आहेत. पण कोश हे शब्दांचे कोठार आहे, शेत नव्हे. शब्द पुन्हा उगवतो तो वाचणाऱ्याच्या आणि बोलणाऱ्याच्या मुखात.

शब्दांचे हे मोल छत्रपती शिवाजी महाराजांनी ओळखले होते. स्वराज्याचा कारभार फारसी शब्दांत अडकू नये म्हणून रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. गड आपले, तर शब्दही आपले, ही ती दृष्टी. पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा ध्वज उभारला. १९३८ च्या मुंबई साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘चित्रपट’ हे शब्द आज त्यांचे म्हणून कोणाला आठवतही नाहीत, इतके ते मराठीच्या अंगवळणी पडले आहेत. प्रारंभी त्यांची टवाळी कमी झाली नव्हती. समाजाने वापरले म्हणून ते टिकले.

शासनाने काही करू नये असे नाही. महाबळेश्वर-पाचगणीजवळील भिलार २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले, ते शासनाच्या योजनेतून. पण त्या योजनेत प्राण आला तो ग्रामस्थांनी आपली घरे वाचकांसाठी उघडली म्हणून. प्रश्न शेवटी समाजाच्या इच्छाशक्तीचाच असतो.

मुलांना इंग्रजी शाळेत घालून मराठीच्या नावाने गहिवरणाऱ्या मध्यमवर्गाने यावर स्वतःशी विचार करावा. सहकुटुंब उपाहारगृहात एका संध्याकाळी जो खर्च होतो, त्यात दोन-तीन चांगली पुस्तके येतात. मुंजीत, वाढदिवसाला, हळदीकुंकवाच्या वाणातही पुस्तक देता येते. महिन्यातून एकदा मुलाचे बोट धरून गावातील पुस्तकांच्या दुकानाची पायरी चढणे कोणालाच अवघड नाही. स्वत्वाचा जागर सभेतील घोषणांनी आरंभ होत असेल. तो टिकतो मात्र घरातील पुस्तकांच्या कपाटापाशी. ते कपाट रिकामे राहिले, तर अभिजाततेचा मानही भिंतीवरच्या तसबिरीसारखा केवळ हार घालण्यापुरता उरेल.