रेशीम-इलास्टिनची बातमी आणि मधुमेहाची जखम
रेशमापासून जखम भरणार, अशी बातमी वाचून तुम्ही पायाच्या जखमेसाठी वाट पाहत असाल, तर थोडे थांबा. हे साडीचे रेशीम नव्हे. जनुकबदल केलेल्या जिवाणूंकडून बनवून घेतलेले हे प्रथिन. रेशमासारखे चिवट, त्वचेतील इलास्टिनसारखे लवचिक. त्याचे द्रावण शरीराच्या उष्णतेने जेलसारखे घट्ट होते, म्हणून वेड्यावाकड्या जखमेतही नीट बसते. जपानमध्ये क्योटो विद्यापीठ आणि सान्यो केमिकल यांनी जुनाट जखमांवर चाचण्या केल्या. सुरुवातीचे रुग्ण मोजकेच होते. बातम्यांतला उत्साह मला जरा जास्तच वाटतो. पायाचा रक्तपुरवठा कमी, साखर वाढलेली आणि जखमेवर सतत भार, तर कोणतेही ड्रेसिंग अपुरेच. जखम काळी पडली, दुर्गंधी किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.