स्टोअरकीपरची वही जप्त करा!

चाकणच्या एका कारखान्यातलं फर्मान एका वाचकाने या आठवड्यात पाठवलं. मजकूर थोडक्यात असा: ईआरपी ही संगणकीय प्रणाली आता ‘स्थिरावली’ असल्याने स्टोअर, डिस्पॅच आणि अकाउंट्स विभागांनी आपापल्या खासगी एक्सेल फायली व वह्या महिनाअखेर बंद कराव्यात, यापुढे सिस्टीममध्ये दिसेल तेच खरं. खाली सही मुख्य डिजिटल परिवर्तन अधिकाऱ्यांची. या पदाविषयीचं माझं मत नियमित वाचकांना पाठ आहे, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. निदान या परिच्छेदात तरी नाही.

वाचकाचा प्रश्न साधा आहे. सिस्टीम एका बेअरिंगचा साठा ‘वजा चौदा’ दाखवते. माल गेटमधून आत आला, घाईत लाइनवर गेलासुद्धा, पण त्याचा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, अजून तपासणीच्या टेबलावरच पडून आहे. वहीत खरा आकडा आहे. ती बंद केली तर उद्या सकाळच्या पाळीला माल कशाच्या भरवशावर द्यायचा? वजा चौदा बेअरिंग ठेवता येतील असा रॅक अजून कुणी बनवलेला नाही.

कामाच्या रगाड्यात जादा वही लिहायची हौस कुणाला नसते. रॅक आणि स्क्रीन यांच्यात अंतर पडलं की वही उघडली जाते. पण फर्मान काढणाऱ्यांना त्या अंतराशी कर्तव्य नाही. ते दाखवून देणाऱ्या वहीचा मात्र राग आहे.

‘सिस्टीममध्ये दिसेल तेच खरं’ ही समजूत किती महाग पडते, ते दोन प्रकरणं शेजारी ठेवली की कळतं. एक आपल्या मुंबईच्या फोर्टमधल्या ब्रेडी हाउस या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेचं, दुसरं ब्रिटिश पोस्टाचं. ब्रेडी हाउसमधून एका हिरे कंपनीसाठी निघालेल्या हमीपत्रांची हिरेजडित कथा इथे येऊन गेली आहे, म्हणून फक्त यंत्रणेपुरतं बोलतो.

पंजाब नॅशनल बँकेचा हिशेब फिनॅकल या प्रणालीवर चालायचा आणि परदेशी जाणारे हमीचे संदेश स्विफ्टवरून. दोन्ही एकमेकांना जोडलेले नव्हते. स्विफ्टवरून हमीपत्र गेलं की कुणीतरी हाताने त्याची नोंद फिनॅकलमध्ये करायची, अशी भाबडी व्यवस्था. तपास यंत्रणांच्या आरोपांनुसार ही नोंद वर्षानुवर्षं झालीच नाही. त्या हमीवर भारतीय बँकांच्या परदेशातल्या शाखा पैसे देत राहिल्या. संबंधित अधिकारी निवृत्त झाले आणि जानेवारी 2018 मध्ये नव्या माणसाने नव्या हमीपत्रासाठी शंभर टक्के रोख मार्जिन मागितलं. हिरे कंपनीची माणसं म्हणाली, आजवर तर कधी मागितलं नव्हतं. त्याने जुनं रेकॉर्ड काढलं, तर त्यात काहीच नाही! घोटाळ्याचा आकडा पुढे 13,000 कोटी रुपयांच्या वर गेला. स्विफ्टच्या वापराबाबत ऑगस्ट 2016 पासून आपण बँकांना किमान तीनदा सावध केलं होतं, असं रिझर्व्ह बँकेने मागाहून सांगितलं. मार्च 2019 मध्ये तिने या बँकेला स्विफ्टसंबंधीच्या त्रुटींसाठी दोन कोटींचा दंड केला. तेरा हजार कोटींवर दोन कोटी म्हणजे घेवर खाऊन झाल्यावर बडीशेप.

आता ब्रिटन. तिथल्या पोस्टाने 1999 पासून शाखाशाखांत ‘हॉरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसवली. पुरवठादार पुढे फुजित्सू. स्क्रीनवर तूट दिसू लागली. करारानुसार तूट भरायची जबाबदारी शाखा चालवणाऱ्या पोस्टमास्तरांची. एका बाईंनी हेल्पलाइनच्या सांगण्यावरून बटणं दाबली, तर दोन हजार पौंडांची तूट डोळ्यांदेखत चार हजारांची झाली. अनेकांना सांगण्यात आलं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. लोकांनी घरं गहाण टाकून पैसे भरले. 900 हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना दूर बसून शाखेच्या हिशेबात बदल करता येत होता. पोस्ट मात्र वर्षानुवर्षं ते नाकारत राहिलं. डिसेंबर 2019 मध्ये, 555 जणांच्या दाव्यात, न्यायालयाने त्या प्रणालीचा भरवसा धरता येत नव्हता असा निकाल दिला. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. तिथे तर मुळात चोरीच झाली नव्हती. आणि योगायोग पाहा: संगणक नीट चालत होता हे फिर्यादीने आधी दाखवावं, ही इंग्लंड-वेल्सच्या कायद्यातली अट संसदेने रद्द केली तीही 1999 सालीच.

मुंबईत जे स्क्रीनवर नव्हतं ते घडलंच नाही असं धरलं गेलं. ब्रिटनमध्ये जे स्क्रीनवर होतं ते घडलंच असं धरलं गेलं. वरवर उलटी दिसणारी ही प्रकरणं एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मुंबईत स्विफ्टची दुसरी नोंद हाताशी होती, पण तिचा फिनॅकलशी मेळ कुणी घातला नाही. ब्रिटनमध्ये पोस्टमास्तर ओरडून मेळ मागत होते, पण व्यवहारांचा पुरेसा तपशीलच त्यांना पाहायला मिळत नव्हता. चाकणचं फर्मान याच दुसऱ्या वाटेचं पहिलं पाऊल आहे: तुलनेला दुसरा आकडाच उरू द्यायचा नाही, म्हणजे पहिला कायम बरोबर.

रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाला कुलूप लावू न देणाऱ्या मुनिमाचं कौतुक मी इथे अनेकदा केलंय आणि त्यावर ‘जुनाट’ असे शेरेही झेललेत. आज भर घालतो. कंपनीतल्या परिवर्तन अधिकाऱ्याची केबिन स्टोअरपासून जितकी लांब, तितका तिथला साठा चुकीचा. पुरावा विचारू नका, नाही. पण आपापल्या कंपनीत अंतर मोजून पाहा.

फर्मान काढणाऱ्यांना सांगणं इतकंच: वही जप्त करण्याआधी एकदा वाचा. दर शनिवारी चिठ्ठ्या टाकून दहा वस्तू निवडा, रॅकवर जाऊन स्वतः मोजा, आणि स्क्रीन, वही, मोजणी हे तीन आकडे शेजारी लिहा. फरक गेटवर पडला, तपासणीत की इश्यू स्लिपवर, ते शोधून तिथे दुरुस्ती करा. स्क्रीन बरोबर बोलू लागली की वही लिहिणाराच कंटाळून ती सोडून देईल.

आणि जिच्यावर पैसा ओतलाय ती प्रणाली चुकूच शकत नाही, असं वाटत असेल तर एवढं ध्यानात ठेवा. मे 2024 मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून शेकडो पोस्टमास्तरांवरचे दोष एका फटक्यात पुसले. त्या दिवशीही तिथल्या पोस्टांचा हिशेब हॉरायझनवरच चालू होता.