द्राक्षाला प्रयोगशाळा मिळाली, लूमला कधी?

२०१० चा हंगाम नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांच्या आजही लक्षात आहे. युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे शेतकरी ज्याला 'सीसीसी' म्हणतात त्या वाढरोधकाचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. माल अडकला, नाकारला गेला. निफाड-दिंडोरीच्या बागांपासून निर्यातदारांपर्यंत सगळ्यांना फटका बसला. निर्यातीआधी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी होत होती, त्या यादीत सीसीसीचं नावच नव्हतं.

नंतर ते यादीत आलं. ऐकायला ही एका ओळीची दुरुस्ती वाटते. पण ती करता आली, कारण ती करणारी यंत्रणा आधीपासून उभी होती. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. निर्यातीच्या द्राक्षांतले कीडनाशकांचे अंश तपासण्याच्या कामात तीच देशाची संदर्भ प्रयोगशाळा. राज्याचं कृषी खातं निर्यातीच्या बागांची प्लॉटवार नोंदणी करतं. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा बागेतून नमुना घेते. केंद्र सरकारची अपेडा ही संस्था 'ग्रेपनेट' या संगणक प्रणालीत ही सगळी माहिती एकत्र बांधते, आणि नमुना नापास झाला तर त्या प्लॉटचा माल युरोपाकडे सरकत नाही. या सगळ्यांच्या मागे लागायला, प्रसंगी भांडायला, बागायतदारांचा जुना राज्यव्यापी संघ आहे.

शास्त्रज्ञ, सरकारी खातं, प्रयोगशाळा, निर्यातदार आणि शेतकरी एकाच प्रश्नावर काम करतात, आणि त्यातला मोठा पैसा सरकारी, म्हणजे तुमचा-माझा आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या एकत्रित संशोधनाचं आपल्या जिल्ह्यातलं हे माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण.

आता याच जिल्ह्यात आग्रा रोडने शंभरेक किलोमीटर पुढे, मालेगावला चला.

१८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळात उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी हे शहर कापडाचं शहर केलं. हातमाग गेले, यंत्रमाग आले. आज इथल्या हजारो घरांची चूल लूमवर चालते. खटखट थांबली की अख्ख्या मोहल्ल्याला कळतं, सुताचा भाव चढलाय किंवा कापडाला गिऱ्हाईक नाही.

काही वर्षांपूर्वी तिथल्या एका ओळखीच्या कारखानदाराने मला विचारलं, "भाई, तुम सॉफ्टवेअरवाले हो. मेरे चौबीस लूम में कौनसा कितनी देर बंद रहा, इतना बता सकते क्या?" मला हे दोन रविवारांचं काम वाटलं. एका लूमवर सेन्सर बसवला. आठवड्याभरात त्याच्या डोळ्यावर कापसाची इतकी तूस बसली, की लूम चालू असतानाही तो बंद दाखवू लागला. दुसरा सेन्सर लावला, तर कंपनांनी त्याच्या तारा ढिल्या झाल्या. तिसऱ्याने वीज गेल्या-आल्यावर मान टाकली. मी थांबलो. यात दोष कुणाचाच नव्हता. तो प्रश्न एका इंजिनीअरचा आणि एका कारखान्याचा नव्हताच. तूस, कंपनं, विजेचा चढउतार या गोष्टी शहरातल्या प्रत्येक साध्या लूमला आहेत. त्यावर उत्तर शोधायला दोन वर्षं, चार वेगवेगळ्या विषयांची माणसं आणि चुका करायला परवडतील असे पैसे लागतात. चोवीस लूमचा मालक हे कुठून आणणार?

युरोपने हा प्रश्न कसा हाताळला

युरोपीय संघाच्या 'होरायझन युरोप' या संशोधन कार्यक्रमाचं २०२१ ते २०२७ या सात वर्षांचं सुरुवातीचं बजेट सुमारे ९,५५० कोटी युरो होतं. आकड्यापेक्षा मला त्यातला एक नियम महत्त्वाचा वाटतो. बहुतेक एकत्रित प्रकल्पांसाठी किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्थांनी मिळून अर्ज करावा लागतो. एकट्याने या, असं म्हटलेलंच नाही. जोडीदार शोधा, कामाची वाटणी ठरवा, मग या.

दुसरा नियम प्रदेशांसाठी. २०१४ ते २०२० या काळात विकासनिधीतून संशोधनासाठी पैसे हवे असतील, तर प्रत्येक प्रदेशाने आधी एक गोष्ट ठरवायची होती: आपली खरी ताकद कशात आहे? तेही फक्त अधिकाऱ्यांनी बसून नाही. विद्यापीठं, उद्योग आणि नागरी संस्थांना सोबत घेऊन. याला ते 'स्मार्ट स्पेशलायझेशन' म्हणतात. सगळ्यांनी सिलिकॉन व्हॅली होण्याचा हट्ट धरू नये, एवढा त्याचा साधा अर्थ. ज्याच्याकडे कापड आहे, त्याने कापडात पुढे जावं.

स्पेनच्या व्हॅलेन्सिया या स्वायत्त प्रदेशात आल्कोय नावाचं एक जुनं कापड-शहर आहे. तिथे १९८५ साली कापड उद्योगातल्या कंपन्या आणि प्रादेशिक सरकार यांच्या पुढाकाराने 'आयटेक्स' ही संशोधन संस्था उभी राहिली. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या कापडपट्ट्यात 'सितेव्हे' ही अशीच संस्था १९८९ पासून आहे. लहान कारखान्याला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही, मग सगळ्यांची मिळून एक असू दे, हा दोन्हींमागचा विचार.

युरोपात सगळं आलबेल आहे, असं नाही. निव्वळ गुणवत्तेच्या स्पर्धेवर पैसा वाटला, की तो आधीच बळकट असलेल्या विद्यापीठांकडे आणि देशांकडे जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून मागे पडलेल्या देशांचा सहभाग वाढवण्यासाठी त्यांना वेगळा निधी राखून ठेवावा लागला. आपल्याकडे कुणी 'राखीव' हा शब्द उच्चारला की नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. मागासलेल्या भागासाठी वाटा राखून ठेवणं हा त्यांच्याकडे संशोधन धोरणाचाच भाग आहे.

हे आपल्याकडेही होतं

कुणी म्हणेल, ही श्रीमंतांची चैन. पण ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९४७ मध्ये अहमदाबादला 'अटिरा' स्थापन झाली, गिरणीमालक आणि सरकार यांच्या सहकार्यातून. ती उभी करणारे विक्रम साराभाई, तेच पुढचे अवकाश संशोधनवाले. मुंबईत १९५० मध्ये 'सस्मिरा' आणि १९५४ मध्ये 'बीटीआरए' आली. फाटका खिसा असलेल्या नव्या देशाने कापडासाठी एकत्रित संशोधन संस्था काढल्या. कारण कापड हा तेव्हा देशाचा सगळ्यात मोठा कारखानदारी धंदा होता.

मग काय झालं? गिरण्या खचल्या. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. कापड विणण्याचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे सरकलं. आज देशातलं निम्म्याहून जास्त कापड यंत्रमागांवर निघतं. उत्पादन सरकलं, पण संशोधन त्याच वेगाने त्याच्यामागे सरकलं नाही. मालेगावात पॉवरलूम सर्व्हिस सेंटर आहे, हे खरं. अशा सेंटरांचं काम प्रशिक्षण, तपासणी आणि सल्ला देण्याचं. ते गरजेचंच आहे. पण दुसरीकडे सिद्ध झालेलं ज्ञान आणून शिकवणं वेगळं आणि आपला प्रश्न घेऊन नवं उत्तर शोधणं वेगळं.

सरकारी योजनांचा रोखही बघा. १ एप्रिल २०१७ ला भिवंडीत 'पॉवरटेक्स इंडिया' योजना सुरू झाली. तिच्यात साध्या लूमला धागा तुटताच थांबणारी यंत्रणा वगैरे जोडून तो अर्धस्वयंचलित करायला अनुदान होतं. विजेच्या दरात सवलत आहे. चांगल्या गोष्टी आहेत, पण अनुदान येतं एकेका मालकाच्या नावावर. ज्याची कागदपत्रं पूर्ण, ज्याची बँकेत पत, त्याला मिळतं. शेजारच्याला काही शिकायला मिळत नाही. वीज सवलतीने बिल कमी होतं, पण लूम तोच राहतो. कापड पालीला आणि बालोत्र्याला कोरं जातं, रंगाई-छपाईची कमाई तिकडेच राहते, आणि आपण पुढच्या सवलतीसाठी निवेदनं लिहितो.

आपला वाटा

इथे सोपं उत्तर तयार असतं: द्राक्षवाले सत्तेच्या जवळचे, आम्ही मुसलमान, म्हणून आम्हाला मिळालं नाही. हे पूर्ण खोटं नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये बँकेचं कर्ज आणि सरकारी सोयी मुस्लिम वस्त्यांपर्यंत कशा कमी पोहोचतात, हे मांडलंच आहे. पण एवढ्यावर थांबलो तर आपली फसवणूक आपणच करू. बागायतदार संघाच्या मेळाव्यात शेतकरी शास्त्रज्ञाला उभा करून विचारतो, "माझ्या बागेत घड जिरतायत, का?" आपल्या कारखानदारांच्या बैठकीत कधी सूत का तुटतं, यावर तासभर चर्चा झालेली तुम्ही ऐकलीय? आपल्या बैठका सूतभाव, वीजबिल आणि मंदीवर सुरू होतात आणि तिथेच संपतात. शेजाऱ्याला आपली युक्ती कळू नये, म्हणून दार लावून घेणारे आपणच. सरकारच्या क्लस्टर योजनांत सामायिक सुविधा केंद्रासाठी अनुदान मिळतं, पण त्यासाठी कारखानदारांनी मिळून कंपनी काढावी लागते, हिशेब उघडे ठेवावे लागतात. नाशिकला अंबडमध्ये अशाच केंद्रीय योजनेच्या आधाराने इंजिनीअरिंग क्लस्टर उभं राहिलं.

आणखी एक गोष्ट आपण बोलत नाही. लूम चालवणारा कारागीर बारा-बारा तास नव्वद डेसिबलच्या वरच्या आवाजात उभा असतो, मजुरी कापडाच्या मोजमापावर. कांड्या भरणाऱ्या बायका तर हिशेबातही नसतात. संशोधनाचे प्रश्न फक्त मालक ठरवणार असेल, तर पहिला प्रश्न हाच निघेल: एका माणसाकडून सहाऐवजी बारा लूम कसे चालवून घ्यायचे? मग संशोधन कारागिराची रोजी खाईल. कारागीर टेबलावर असेल, तर यादीत आवाज येईल, तूस येईल, सायझिंगच्या बॉयलरमध्ये काय जाळलं जातं आणि त्याचा धूर कुणाच्या घरात जातो, हेही येईल. पैसा जनतेचा असेल, तर प्रश्नही सगळ्यांचे हवेत.

मग करायचं काय

भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. युरोपीय संघ दोन टक्क्यांहून जास्त. आता आपल्याकडेही पैसा येतोय. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालं. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संशोधन आणि नवकल्पनांसाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. राज्याचं २०२३ ते २०२८ चं वस्त्रोद्योग धोरण आहे. पण ज्यांच्याकडे आधीच प्रयोगशाळा, प्राध्यापक आणि अर्ज लिहिणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे हा पैसा आपोआप जाईल. मालेगावपर्यंत तो आपोआप येणार नाही.

माझी सूचना लहान आहे. एक प्रश्न निवडा, फक्त एक. समजा, साध्या लूमवर तूस आणि कंपनं सोसून टिकणारा, दुरुस्त करता येणारा स्वस्त सेन्सर. वीस कारखानदारांनी आपल्या कारखान्यातला एकेक लूम त्यासाठी द्यावा. मन्सूरा कॅम्पसमध्ये इंजिनीअरिंग कॉलेज आहे. दर वर्षी शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी इंटरनेटवरून उचललेले प्रोजेक्ट जमा करतात, त्याऐवजी त्यांना हा विषय मिळावा. कापडाचं ज्ञान पॉवरलूम सेंटर आणि मुंबईच्या संशोधन संस्थांकडे मागावं, सुटे भाग नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या वर्कशॉपमध्ये बनवून घ्यावेत. कारागिरांचे दोन प्रतिनिधी सुरुवातीपासून समितीत असावेत. जे निघेल ते सगळ्यांसाठी खुलं ठेवावं, मराठीत आणि उर्दूत लिहून. असं एक वर्षाचं काम हातात घेऊन सरकारकडे गेलो, तर तो अर्ज होतो. काहीच हातात नसताना गेलो, तर ते निवेदन असतं. निवेदनांच्या फायली आपल्याकडे भरपूर आहेत.

आपल्या पिढीतले कितीतरी जण पुण्या-बंगळुरूला बसून दुसऱ्या देशातल्या कंपन्यांचे प्रश्न सोडवतात, मीही त्यातलाच. त्यात वाईट काही नाही. पण जुम्म्याला लूम बंद असतात, कारखानदार आणि कारागीर दोघंही मोकळे असतात. महिन्यातून एक जुम्मा काढा, नमाजनंतर दोन तास बसा आणि निवेदन न लिहिता एवढंच विचारा: आपल्या लूमचा कोणता प्रश्न आपण एकट्याने सोडवू शकत नाही?

माझा बंद पडलेला तिसरा सेन्सर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पहिल्या बैठकीला मी तो घेऊन येईन.