अक्षरांना कुलूप कशाला?

गेल्या शनिवारी वेल्ह्याला चुलतभावाकडे गेलो होतो. बेत तोरणा चढायचा, पण पुतणीने लॅपटॉपच पुढ्यात ठेवला. "काका, तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना? एवढी फाईल उघडून द्या."

पोरगी भोरला बीएस्सी करतेय. सुट्टीत पुण्यातल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट केला. घरच्या खाचरातल्या भाताचं पान नेलं आणि त्यातल्या एका जनुकाचा क्रम काढला. सॉफ्टवेअरची ट्रायल तीस दिवसांची. मुदत संपली, फाईल मुकी! नोटपॅडमध्ये उघडली तर नुसते चौकोन.

मंडळी, डीएनएचा क्रम म्हणजे ए, सी, जी, टी ही चार अक्षरं. त्यांना कुलूप कशाला? १९८० च्या दशकातला फास्टा फॉरमॅट बघा. पहिल्या ओळीत एक बाणाचं टोक आणि नाव, खाली अक्षरं. संपलं! आजही कुठल्याही मशीनवर उघडतो.

"मग फुकटातलं वापरा की" असं कोणी म्हणेल. गफलत इथेच होते. बायोएडिट फुकटच होतं. १९९९ च्या त्याच्या पेपरच्या नावातच विंडोज ९५/९८/एनटी आहे. पण सोर्स कोड लेखकापाशी. त्याने काम थांबवलं तर गाडी तिथेच अडणार. युजीन, जॅलव्ह्यू यांचा कोड खुला आहे. मूळ मंडळी कंटाळली तरी दुसरा कोणी पुढे नेईल. पुणे विद्यापीठातल्या अशोक कोळस्करांनी सहकाऱ्यासोबत १९९० साली एक पद्धत छापली: प्रथिनाच्या कुठल्या भागाला अँटीबॉडी चिकटेल याचा अंदाज बांधायची. छापून सगळ्यांपुढे ठेवली, म्हणूनच ती पुढे एम्बॉस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये गेली.

विकतच्या सॉफ्टवेअरवर माझा राग नाही. तेच लिहून पोट भरतो मी. सफाईदार नकाशांचे, सपोर्टचे पैसे जरूर घ्या. पण अक्षरं ज्याची त्याची.

भाताचा अख्खा जीनोम २००५ साली भारतासह अनेक देशांनी जगापुढे खुला मांडला. आणि वेल्ह्याच्या खाचरातली काहीशे अक्षरं कुलपात?

सोमवारी लॅबला फोन करून फास्टा प्रत मागवली. दोन मिनिटांचं काम! फक्त ते करून ठेवायचं असतं, हे पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक लॅबने विद्यार्थ्याला निरोप देताना साधी मजकूर फाईल हातात द्यावी. एवढंच मागणं.

तोरणा राहिलाच. असो.