दिलेली वाट दप्तरी लागावी

पिकाला वाट नाही म्हणून तहसील कचेरीत येणारे अर्ज आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 अन्वये तहसीलदारास बांधावरून वाट ठरवून देता येते, आणि असलेली वहिवाट कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 उपयोगी पडते; परंतु हे दोन्ही मार्ग तंट्यातून जाणारे असल्यामुळे वाट मिळते तेव्हा शेजारधर्म बहुधा उरलेला नसतो. जमीनधारकाने राजीखुशीने सार्वजनिक वापरासाठी वाट अर्पण करावी, या मार्गाकडे मात्र महसूल, भूमापन व विधी या क्षेत्रांतील आपण मंडळींनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

अशी दानत खेड्यापाड्यांत आजही आहे. एखादा वृद्ध खातेदार ग्रामसभेत उभा राहून पूर्वेच्या बांधालगतची पट्टी स्मशानभूमीच्या वाटेसाठी सोडल्याचे सांगतो, लोक श्रमदानाने मुरूम टाकतात, ट्रॅक्टर जाऊ लागतो, आणि दप्तरात एक ओळही चढत नाही. पुढे वारसांचे वाटप होते, एक हिस्सा विकला जातो आणि नवा खरेदीदार तारेचे कुंपण घालतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 59 प्रमाणे, मूळ मालकाने दिलेली नुसती परवानगी जमीन विकत घेणाऱ्यावर बंधनकारक नसते. ती परवानगी नसून समर्पणच होते, हे दीर्घ वापरावरून न्यायालयात सिद्ध करता येते खरे. पण तोवर देणारा हयात नसतो आणि साक्षीदारही थकलेले असतात.

इंग्लंडमध्ये महामार्ग अधिनियम, 1980 च्या कलम 25 नुसार स्थानिक प्राधिकरण व मालक यांच्यात नव्या पायवाटेचा करार होतो आणि त्याची सूचना स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी लागते. मालकाची इच्छा, स्वीकारणारी संस्था आणि जाहीर नोंद, या तिन्ही गोष्टी तेथे एका सूत्रात बांधल्या आहेत.

आपल्याकडेही हे सूत्र जुळविण्यास साधने अपुरी नाहीत. जमीनच द्यावयाची की मालकी राखून केवळ जाण्यायेण्याचा हक्क द्यावयाचा, हे लेखात निःसंदिग्ध असावे, सहहिस्सेदारांची संमती, बँकेचा बोजा आणि भोगवटादार वर्ग 2 ची बंधने आधी तपासावीत, भूमापकाकडून लांबीरुंदी मोजून नकाशा जोडावा, कारण ‘शेतातून वाट दिली’ एवढ्या शब्दांवर पुढची पिढी भांडते, दस्त नोंदवावा, ग्रामपंचायतीने ठरावाने वाट स्वीकारून तिच्या दुरुस्तीचा भार पत्करावा, आणि फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद व्हावी. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 अन्वये अशी प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. भिडेने किंवा दडपणाने घेतलेली संमती मात्र दान नव्हे. म्हणून देणाऱ्यास प्रत्येक अट त्याच्या बोलीत समजावून सांगणे, हे कागद तयार करणाऱ्याचे आद्य कर्तव्य होय.

वाचकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, आपल्या सज्ज्यात वा तालुक्यात तोंडी दिलेल्या ज्या वाटा आज सुखाने वापरात आहेत, त्यांची यादी करावी आणि देणारे हयात आहेत तोवरच त्यांचे कागद पुरे करावेत.