रडण्याला मुभा आहे

वडोदऱ्याच्या फतेगंजातलं छावणीच्या काळातलं जुनं चर्च 1825 साली बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हातून समर्पित झालं. 1818 मध्ये त्यांची तान्ही मुलगी गेली होती, आणि ते दुःख त्यांनी स्तोत्रात उतरवलं. हे सांगायचं कारण असं की, ‘तुमचा विश्वास आहे ना, मग रडता कशाला?’ असं शोकातल्या ख्रिस्ती माणसाला सर्रास ऐकवलं जातं. मला हे निर्दय वाटतं. लाजराच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला. थोड्याच वेळात लाजराला मेलेल्यांतून उठवायचं आहे, हे ठाऊक असूनही! पुनरुत्थानाची आशा डोळ्यांतलं पाणी अडवत नाही, रडून झाल्यावर उभं राहायला बळ देते. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा ना. 1919 च्या मे महिन्यात त्यांचे पती रेव्हरंड टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं ओवीबद्ध काव्य ‘ख्रिस्तायन’ जेमतेम अकराव्या अध्यायापर्यंत पोचलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं. नवऱ्याचं अर्धवट काम हाती घेणं, हाही शोकच. फक्त तो ओवीओवीनं पुढे सरकत गेला. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर झेंडू वाहून मेणबत्त्या लावतात, तेव्हा माणसं नावं घेऊन बोलतात, रडतात, आणि कुणी कुणाला गप्प करत नाही. अंत्यविधीला गर्दी होते, महिन्याभरानं मात्र घर ओस पडतं. तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर या रविवारी उपासनेनंतर तिथे जा. उपदेश नको, गेलेल्या माणसाचं नाव काढा आणि ऐकत बसा.